साडूच्या गाडीची मोठी चाकं

माझी आणि माझ्या साडूची गाडी एकच होती. कंपनी तीच, मॉडेल तेच, बोटीतून उतरल्या त्याही थोड्या मागेपुढे. माझी करडी, त्याची हिरवी, एवढाच काय तो फरक. तरी सासऱ्यांच्या अंगणात दोन्ही शेजारी उभ्या राहिल्या की त्याची उंच दिसायची. इंचभरच. पण ज्याच्या पोटात दुखत असतं त्याला इंच पुरतो.

गोष्ट साठच्या दशकातली, आमच्या या उसाच्या बेटाला स्वातंत्र्य मिळायच्या आधीची. मी तेव्हा कात्र बोर्नला राहायचो आणि मुलांना भौतिकशास्त्र शिकवायचो. आमच्या खानदानात, आणि आमच्या ब्रीझे वेर्दिएर गावच्या सगळ्या मराठी घरांत, पदवी घेऊन आलेला पहिला माणूस मी. बोटीनं मुंबईला गेलो, बी.एस्सी. होऊन परत आलो. हे मी आजही कुणी न विचारता सांगतो. ज्याच्या बापानं जन्मभर दुसऱ्याचा ऊस खुरपला, त्यानं नाही सांगायचं तर कुणी सांगायचं?

साडू पितों गावचा. सहावीनंतर शाळा सोडली आणि उसाच्या लॉरीवर चढला. पुढे स्वतःच्या दोन लॉऱ्या झाल्या. त्याचं माझ्या मेहुणीशी लग्न झालं त्या दिवसापर्यंत मोंतान्य ब्लांशच्या आमच्या सासुरवाडीत मी ‘जावई’ होतो. त्या दिवसापासून ‘थोरला जावई’ झालो. या दोहोंत किती अंतर आहे ते ज्याला साडू आहे त्यालाच कळेल.

तो आला की घर हलायचं. दारातूनच ओरडायचा, “मामी, भात शिजला का नाही? का परत जाऊ?” आणि सासूबाई, ज्यांनी मला सात वर्षांत “बसा” आणि “घ्या ना अजून” याखेरीज फारसं काही म्हटलं नव्हतं, त्या स्वयंपाकघरातून झारा घेऊन बाहेर यायच्या, “जा, जा, तुझ्यावाचून कोण अडलंय!” म्हणायच्या आणि हसायच्या. मला ‘तुम्ही’, त्याला ‘तू’. लोक म्हणतील, हा तर तुमचा मान. मान होताच. पण मानाचं ताट कोपऱ्यात मांडतात आणि त्याला चुलीपाशी बसवतात, हे मी बघत होतो ना.

त्यानं गाडी माझ्या आधी घेतली. गावात तिला सगळे बेटावरच्या क्रिओल बोलीतच ‘लोतो’ म्हणायचे, आणि ‘लोतो आली’ म्हणजे त्याचीच आली. मी बायको आणि दोन पोरांसकट बसमधून उतरायचो, शर्टाला चुरगळ्या पडलेल्या, आणि ती हिरवी लोतो सावलीत उभी असायची. गावातली पोरं तिच्या आरशात तोंडं बघत असायची. पुढे मीही गाडी घेतली. नेमकी तीच. बायको म्हणाली, “दुसरी नव्हती का कुठली?” मी म्हटलं, “इंजिन चांगलं आहे हिचं.” ती गाडीभोवती एक फेरी मारून आत गेली. तिचं न बोलणं मला बोलण्यापेक्षा जास्त लागतं.

मी गाडी घेऊन गेलो त्याच महिन्यात त्याच्या गाडीला मोठी चाकं लागली.

झालं असं की त्याला लॉऱ्यांच्या मागं उसाच्या मळ्यांतून फिरावं लागायचं आणि त्या खाचखळग्यांत गाडीचं पोट घासायचं. म्हणून कुठल्याशा व्हॅनची मोठी चाकं, जाड टायरांसकट, त्यानं मिळवली आणि बसवून टाकली. बसलीही छान. गाडी अशी छाती काढून उभी राहिली की माझी तिच्या शेजारी चिखलात रुतल्यासारखी दिसायला लागली. मेहुणी म्हणाली, “ताई, तुमची बसली आहे का गं?” सगळे हसले. बायकोही हसली. तिनं नको होतं हसायला.

त्यानंतरच्या एका रविवारी जेवताना तो म्हणाला, “मामा, एक चमत्कार सांगू? पितोंहून इथवर आधी चोवीस मैल भरायचे. आता काट्यावर बावीसच होतात.”

“वाट बदललीस?” सासऱ्यांनी विचारलं.

“तीच वाट. तीच वळणं. रस्ताच घाबरला मला, आखडून बसला!”

सासूबाई वाढता वाढता म्हणाल्या, “लॉरीवाल्याला वाटा माहीत असतात बाबा. पुस्तकात नसतात त्या.”

पुस्तकात. मी पाणी प्यालो आणि म्हटलं, “रस्ता आखडला नाही. चाक मोठं झालं. आतला काटा मैल मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो आणि जुन्या चाकाच्या हिशेबानं त्यांचे मैल करतो. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त जातं, म्हणून फेरे कमी होतात. फेरे कमी, तर मैल कमी दाखवणार. गाडी चोवीसच मैल येते आहे.”

अगदी साधी गोष्ट. तिसऱ्या वर्गातल्या पोराला सांगितली असती तर त्यानं मान डोलावली असती. इथं सगळ्यांचे चेहरे कोरे, आणि साडूनं हात जोडले, “अयो, दादा ज़ालू!”

ज़ालू म्हणजे जळका. आमच्या बेटावर मराठी, भोजपुरी, तमिळ, सगळ्यांना कळणारा शब्द. माझ्या पोरांनाही कळला. धाकटा तर तो शब्द घोकतच गाडीत बसला. आता यात गंमत अशी की त्याचं म्हणणं खरं होतं आणि माझंही खरं होतं. मी जळत होतो आणि चाक मोठं होतं. पण माणूस जळतो आहे हे एकदा ठरलं की त्याचं गणित कुणी ऐकत नाही.

त्याच दुपारी तो ओसरीवर मला हळूच म्हणाला, “दादा, पण एक आहे. हल्ली लेसांस फार पिते. आधी गॅलनला मस्त जायची. आता दोन-तीन मैल कमीच पडतात. चढाला तर धापा टाकते, गियर उतरवावा लागतो. इंजिन गेलं की काय?”

लेसांस म्हणजे पेट्रोल. चढाची तक्रार खरी होती. मोठं चाक फिरवायला जोर जास्त लागतो, तो काही फुकट मिळत नाही. पण सपाटीवर तेच चाक इंजिनाला आराम देतं. आणि पितोंकडचा मुलूख सपाट. त्याचे दोन-तीन मैल इंजिनानं खाल्ले नव्हते, काट्यानं खाल्ले होते. हे सगळं मी एकदा पंगतीत सांगून चुकलो होतो. “जेवताना सांगितलं तेच,” म्हटलं. तो हसला. त्याला वाटलं, दादांची अजून तीच रेकॉर्ड चालू आहे.

मग गणपती आले.

सासऱ्यांचा गणपती दीड दिवसाचा. पूर्वी ते मूर्ती डोक्यावर घेऊन ओढ्यापर्यंत चालत जायचे. गुडघे गेल्यावर आणि ओढा आटल्यावर मूर्ती पूर्वेच्या समुद्रावर न्यायचं ठरलं, आणि गाडीचा प्रश्न आला. त्यातून त्या घराचा एक रिवाजच झाला. ज्याच्या गाडीतून गणपती जाईल त्यानं सकाळपासून उपास धरायचा, अनवाणी गाडी हाकायची, आणि पाण्यात उतरून शेवटची आरती त्याच्या हातची. गाडीवर नारळ फोडायचा, टपावर झेंडूच्या माळा. पुढं झाकरीवाले ढोलकीवर नाचणार, मागनं गाडी मुंगीच्या पावलानं येणार, आणि सगळं मोंतान्य ब्लांश दारात उभं राहून बघणार की कुणाच्या गाडीत बसला आहे देव.

माझ्याकडे गाडी नव्हती तोवर प्रश्न नव्हता. हिरव्या लोतोत पुढं साडू, त्याच्या शेजारी मांडीवर मूर्ती घेऊन सासरे, आणि मागं मी, थोरला जावई, बी.एस्सी., पाकातल्या मोदकांचं पातेलं पायांत धरून. एकदा वळणावर त्यातला पाक माझ्या पॅंटवर सांडला. ते चिकट साखरेचे डाग मी किती तरी महिने विसरलो नाही.

आता गाडी होती. चतुर्थीच्या आधीच्या रविवारी सगळे जमलो तेव्हा बायकोनंच विषय काढला. माझ्यासाठी ती भांडते तेव्हा मला ती फार आवडते.

“यंदा थोरल्यांची गाडी आहे,” ती म्हणाली.

सासूबाई म्हणाल्या, “हो, आहे ना. पण सवय त्याला आहे गं. मूर्ती नाजूक.”

“सवय केल्यानं होते, आई.”

मेहुणी म्हणाली, “आमची उंच आहे. बाप्पा सगळ्यांना दिसतो तरी.”

सासरे पायरीवर बसून सगळं ऐकत होते. हे सासरे म्हणजे उसाच्या मळ्यावरचे निवृत्त सिरदार. माणसं लावायची, काम मोजायचं, शिव्या घालायच्या, यात त्यांचं आयुष्य गेलेलं. बोलायचे कमी. ताटात एक शीत राहिलेलं त्यांना खपत नसे. पाण्याचा तांब्याही ते मोजूनमापून रिता करायचे. ते म्हणाले, “देवाला उधळा सारथी नको. एका गॅलनात ज्याची गाडी लांब जाते, त्याच्या गाडीतनं बाप्पा जाईल.”

साडू म्हणाला, “मामा, हे तर घोड्याच्या शर्यतीसारखं झालं!”

“बैलाच्या,” सासरे म्हणाले. “खाणार किती, चालणार किती.”

ठरलं ते असं. दोघांनी लगेच गावातल्या पंपावर जाऊन टाक्या काठोकाठ भरायच्या. काट्यावरचा आकडा सासरे स्वतः बघणार. मग आपापल्या घरी जायचं, आठवडाभर आपापली कामं करायची, आणि चतुर्थीला येताना त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरायचं. काटा किती पुढं सरकला आणि टाकीत किती मावलं, बस्स.

तो आठवडा मी गाडी जशी चालवली तशी पुन्हा कधी चालवली नाही. सकाळी इंजिन चालू करून उभा राहायचो नाही, ढकलत फाटकाबाहेर काढायचो. डिकीतली छत्री, पोरांची बॅट, बायकोची सतरंजी, सगळं उतरवलं. टायरांत हवा कडक भरली. ऐन कूपचे दिवस, म्हणजे ऊसतोडणीचे. रस्त्यात उसानं खच्चून भरलेल्या लॉऱ्या. एरवी मी त्यांना हॉर्न मारून ओलांडायचो. त्या आठवड्यात निमूट मागं राहिलो, टपावर उसाची पाती झेलत. बायको म्हणाली, “अहो, बैलगाडीनं ओलांडलं आपल्याला.” मी म्हटलं, “ओलांडू दे. तिला गणपती न्यायचा नाहीये.”

साडू मात्र तसाच भटकत होता. लॉऱ्यांच्या मागं, पाहुण्यांकडे, कुठंही. त्याला खात्री होती म्हणून नव्हे. त्याला पर्वाच नव्हती, आणि मला नेमका त्याचाच हेवा वाटायचा. मला जी गोष्ट दात-ओठ खाऊन हवी असायची, ती त्याच्याकडे आपण होऊन चालत यायची.

चतुर्थीला सकाळी पंपावर सासरे आधीच येऊन उभे होते, धोतर, वर कोट, हातात छत्री. दोघांच्या टाकीत पेट्रोल जवळपास सारखंच मावलं. पण माझा काटा बराच पुढं गेला होता. पूजा झाली, आरती झाली, जेवणं झाली. मग सासऱ्यांनी ओसरीवर बसून बोटांच्या पेरांवर हिशेब केला. माझी गाडी गॅलनला एकतीस. त्याची एकोणतीस.

“थोरल्यांची,” सासरे म्हणाले.

बायको आत गेली आणि लगेच झेंडूची टोपली घेऊन बाहेर आली, जशी ती दारामागं तयारच ठेवली होती. सासूबाईंनी नारळ माझ्या हातात दिला. “उद्या उपास आहे हं तुम्हाला,” म्हणाल्या. आणि मग, देवाशपथ, जरा हसल्या. मला बघून. सात वर्षांत पहिल्यांदा.

साडूनं माझी पाठ थोपटली. “दादा, जिंकलात! माझं इंजिनच म्हातारं झालं. कूप संपला की खोलतो, नाहीतर विकतो.” त्यानं ते हसत म्हटलं, पण मग गाडीपाशी जाऊन बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. आजारी बैलापाशी उभं राहावं तसा.

तिथंच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण सासूबाई त्याची समजूत घालायला म्हणाल्या, “असू दे रे. गाडी पित असेल जास्त. पण रस्ता तर तूच कमी केलास ना दोन मैल. ते काही कुणाला जमायचं नाही.”

माझ्या हातात नारळ होता. मी गप्प राहिलो तर उद्या सगळं गाव मला बघणार होतं. पण त्या बाईच्या डोक्यात दोन्ही गोष्टी पक्क्या बसल्या होत्या. त्याची गाडी खादाड, आणि तो रस्ते आखडणारा जादूगार. दोन्ही खोट्या. दोन्ही त्या एकाच काट्यातून आलेल्या. आणि खरं काय ते त्या घरात एकट्या मलाच माहीत असताना, त्यातल्याच एका खोटेपणावर मी उद्या समुद्रात उतरून आरती करणार होतो.

कुणाला वाटेल, हा मोठा सत्यवादी. तसं काही नाही. मला जिंकायचं होतं, फार जिंकायचं होतं. पण मला बरोबर असायचंही होतं, आणि त्यातही लोकांनी ‘बरोबर’ म्हणायला हवं होतं. शिवाय दुसरी एक गोष्ट होती, ती माझ्या बापाची.

मळ्यावर काम मोजायला सिरदाराच्या हातात एक लांब काठी असायची. तिला गोलेत म्हणतात. इतक्या गोलेत खुरपलं म्हणजे दिवस भरला. आणि काही सिरदारांची गोलेत असायला हवी त्याहून वीतभर लांब असायची. काठी लांब असली की शेत आखूड भरतं. माणूस तितकंच खुरपतो, पण मोजणीत त्याचं काम कमी निघतं. माझा बाप संध्याकाळी घरी आला की अंगणात पावलं टाकून दाखवायचा, “एवढं केलं मी. आणि त्यांनी एवढं धरलं.” सिरदाराला तोंडावर कधी म्हणू शकला नाही. मला बोटीत बसवताना त्यानं तेवढंच म्हटलं होतं, “शिकून ये, म्हणजे कुणी लांब काठीनं मोजायचं नाही तुला.”

आणि इथं माझा साडू त्याच लांब काठीनं मोजला गेला होता. माझ्या फायद्यात.

मी नारळ ओसरीवर ठेवला. “मामा,” म्हटलं, “हिशेब चुकला आहे. त्याच्या गाडीनं पेट्रोल जास्त प्यालेलं नाही.”

बायकोनं वर बघितलं. तिच्या हातात अर्धी ओवलेली माळ होती. तिला कळलं मी काय करणार आहे. “अहो,” ती म्हणाली, एवढंच.

मी पुन्हा सगळं सांगितलं. चाक, फेरे, काटा. पुन्हा तेच चेहरे. मेहुणी म्हणाली, “म्हणजे आता तुम्हाला न्यायचा नाहीये का गणपती?” कुणाला काही कळेना की हा जिंकलेला माणूस भांडतो कशाला. मग माझी नजर भिंतीवर गेली. दोन खिळ्यांवर आडवी, तेल लावून ठेवलेली, सासऱ्यांची गोलेत.

“ती घेऊ का?” मी विचारलं.

सासऱ्यांनी मान डोलावली.

दोन्ही गाड्या आम्ही घरासमोरच्या सपाट रस्त्यावर काढल्या. चाकांवर खडूनं खूण केली, जमिनीवर एक रेघ मारली. साडूनं आणि मी गाड्या ढकलल्या, पोरांनी मोठमोठ्यानं फेरे मोजले, दहा फेरे झाले की थांबलो. मग गोलेतनं मापलं. माझी गाडी साडेपाच गोलेतच्या आतच राहिली. त्याची सहाला टेकली. दोन्हीच्या दहाच फेऱ्यांत अर्ध्या काठीचा फरक.

“आता बघा,” मी म्हटलं. “काट्याला वाटतं दोघी सारख्याच चालल्या. त्याचा काटा अकरा मैल दाखवतो तेव्हा गाडी बारा आलेली असते. लांब काठीनं मोजलं की आकडा कमीच भरतो.”

शेवटचं वाक्य तोंडातून गेल्यावर मला कळलं की मी ते एका सिरदाराला ऐकवतो आहे.

कोपऱ्यावरून उसाची लॉरी गेली, तिचा धुरळा आमच्यावर बसला. आणि मग साडू, ज्याच्या डोक्यात कसली खोच नव्हती, काठीच्या टोकाला हात लावून म्हणाला, “मामा, आणि ही काठी तरी बरोबर आहे ना?”

सगळे हसले. सासरे हसले नाहीत. त्यांनी काठी त्याच्या हातातून घेतली, उभी धरली, वरपासून खालपर्यंत बघितली आणि म्हणाले, “अकरा दाखवले की बारा. म्हणजे एकोणतीस दाखवले तर?”

“साडेएकतीसच्या वर,” मी म्हटलं. “माझी एकतीसच.”

“तर मग धाकट्याची,” ते म्हणाले आणि आत गेले.

त्या वेळी मला साडूचा जेवढा हेवा वाटला तेवढा त्याच्या लोतोचा किंवा सासूबाईंच्या झाऱ्याचा कधी वाटला नव्हता. जो प्रश्न माझा बाप जन्मभर विचारू शकला नाही, जो मी पदवी घेऊनही त्या माणसाला विचारला नसता, तो यानं हसत हसत, सहज, कुणाचाही अपमान न करता विचारून टाकला होता. आणि त्याला पत्ताही नव्हता.

सासूबाईंनी ओसरीवरचा नारळ उचलला आणि त्याच्या हातात दिला. मला म्हणाल्या, “हुशार आहात हो.” जसं कुणी म्हणतं, तुमची तब्येत बरी आहे ना.

दुसऱ्या दिवशी दुपारी निघालो. बायकोनं ओवलेल्या माळा हिरव्या टपावर चढल्या होत्या. पुढं साडू अनवाणी, शेजारी मूर्ती घेऊन सासरे, मागं मी आणि माझ्या पायांत पातेलं. माझी करडी गाडी बायको-पोरांना घेऊन मागनं येत होती, ती चालवायला शेजारचा एक मुलगा दिला होता, कारण सासऱ्यांनी मला त्यांच्या गाडीत बोलावलं होतं. त्यांचं “थोरले, इकडं या” ऐकून क्षणभर वाटलं की काही वेगळं होईल. झालं काही नाही. पातेलं धरायला माणूस हवा होता.

गावातून जाताना झाकरीवाले पुढं नाचत होते आणि गाडी इतकी सावकाश चालली होती की काटा हललाच नाही. लोक दारांतून हात जोडत होते. एक म्हातारी ओरडली, “केवढी उंच गाडी! बाप्पा कसा दिसतोय बघा!” मी खिडकीची काच वर केली.

गाव संपल्यावर झाकरीवाले मागच्या लॉरीत चढले आणि साडूनं गाडी सोडली. दोन्ही बाजूंनी ऊस, अर्धा कापलेला, अर्धा उभा. त्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं.

“दादा, काटा चाळीस म्हणतोय. खरं किती?”

“चव्वेचाळीसच्या जवळ.”

“अयो!” त्यानं पाय सैल केला. “मामा, ऐकलं? बाप्पाला मी जोरात पळवतोय आणि मलाच माहीत नाही.” मग जरा वेळानं म्हणाला, “मी तर इंजिन खोलणार होतो. चांगलं इंजिन. तुम्ही नसता तर खोललंच असतं.”

“सांगितलं होतं जेवताना.”

“सांगितलंत हो. पण तुम्ही सांगता तेव्हा मला वाटतं परीक्षा चाललीये.”

सासरे पुढं बघत होते. मूर्तीच्या पाठीवर त्यांचा हात होता. त्यांनी मान न वळवता विचारलं, “तुमचे वडील कुठल्या मळ्यावर होते, थोरले?”

लग्न होऊन सात वर्षं झाली होती. त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. ते “हं” म्हणाले.

समुद्रावर साडू कमरेइतक्या पाण्यात उतरला, आरती ओवाळली. वाऱ्यानं दोनदा विझली, दोनदा हसून पेटवली. मी किनाऱ्यावर मोदक वाटत होतो. सगळ्यांनी मोदक चांगले झाल्याचं सांगितलं. ते मी केले नव्हते.

कूप संपल्यावर आम्ही पुन्हा गेलो तेव्हा ओसरीच्या भिंतीवर दोन खिळेच होते. परसात शूशूच्या वेलाला नवा मांडव घातला होता. शूशू म्हणजे ती आमच्याकडची हिरवी, काटेरी फळभाजी. मांडवाच्या मधोमध आडवी, तेलानं काळी झालेली ती गोलेत होती, दोन तुकडे करून बांधलेली. ती बरोबर होती की लांब, हे आता कुणालाच मोजता येणार नव्हतं. मी सासऱ्यांकडे बघितलं. ते वेलाला पाणी घालत होते, तांब्यातलं, थेंब न सांडता.

“चांगला चढलाय,” मी म्हटलं.

“चढतो,” ते म्हणाले.

मला वाटलं, पहिली फळं आम्हाला देतील. दिली असती तर मी ती जपून नेली असती, बायकोला म्हटलं असतं बघ, कळलं त्यांना. पण संध्याकाळी हिरवी लोतो अंगणात शिरली, तशीच, इंचभर उंच. सासूबाई टोपली घेऊन बाहेर आल्या. पहिले शूशू पितोंला गेले.